पुढून, बाजूने, मागून

ज्या वयात आमच्या राहनाळच्या पोरी बी.कॉम. करून गोदामांच्या ऑफिसात एसीखाली बसत होत्या, त्या वयात मी घरी बसून नसलेल्या माणसांची चित्रं काढत होते. नसलेल्या म्हणजे अक्षरशः नसलेल्या. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी मनातल्या मनात एक माणूस रचायचं, त्याला हिरवे केस, पाठीला पंख, कमरेला दोन तलवारी आणि लहानपणी आई वारल्याचं दुःख द्यायचं, आणि हे सगळं मला लिहून पाठवायचं. मी तो माणूस काढून द्यायचे. इंटरनेटवर माझी पाटी होती, की तुमच्या मनातलं पात्र काढून मिळेल, कागदावर रंगांत हवं तर रंगांत, कॉम्प्युटरवर हवं तर कॉम्प्युटरवर. ह्या धंद्याला जगभर ‘कमिशन’ म्हणतात. आमच्याकडे कमिशन जमिनीच्या दलालाला मिळतं. त्यामुळे दिपू कमिशनचं काम करते हे गावात पसरल्यावर दोन माणसं सातबारा घेऊन घरी आली होती. आईने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आत्मकथा म्हातारपणी लिहावी असा रिवाज आहे. मी अजून तेवढी म्हातारी नाही, पण माझी मान आणि उजवा खांदा केव्हाच सत्तरीला पोचलेत, आणि लिहायचा हक्क मी त्यांच्याकडून उसना घेतलाय.

आमचं घर गोदामांच्या रांगेला चिकटून होतं. दिवसभर कंटेनर मागे घेतानाची पीं-पीं आणि क्लीनरचं ‘आने दो, आने दो’ कानावर असायचं. लाइट गेली की एकदम सगळं शांत व्हायचं आणि मग आईच्या पाट्यावरचा आवाज ऐकू यायचा. बाबा एका गोदामात सुपरवायझर होते, घरी आल्यावर फार बोलायचे नाहीत. आईने मात्र माझ्या धंद्याची स्वतःपुरती सोय लावून घेतली होती. मासळी जशी ओली आणि सुकी, तसंच माझं काम. “आज ओला हाय का सुका?” ती सकाळी विचारायची. ओलं म्हणजे ब्रश, पाणी, कागद. त्या दिवशी ओटीवर कुणी पाय ठेवायचा नाही. सुकं म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली पेनची पाटी. त्या दिवशी मला मधेच उठवून कोथिंबीर आणायला पाठवायला हरकत नसायची. ओल्या कामाचे कागद खिडकीत वाळत असायचे आणि त्याच खिडकीबाहेर सुकट वाळत असायची. एका गिऱ्हाइकाने कळवलं होतं, की तुमचं चित्र मिळालं, लिफाफा उघडताच समुद्राचा वास आला, इतका बारीक विचार आजवर कुठल्या चित्रकाराने केला नव्हता. मी धन्यवाद म्हणून मोकळी झाले.

कामाची माझी एक पद्धत होती. आधी गिऱ्हाइकाला एक फॉर्म भरायला द्यायचा. त्यात नाव, उंची, डोळे, नाक, स्वभाव, शस्त्र असे रकाने. मग त्या पात्राचा तक्ता करायचा, एकाच कागदावर तीनदा तोच माणूस, पुढून, बाजूने, मागून. मागून कशाला, तर शेपूट, पंख किंवा वेणी असेल तर ती कशी ते कळावं म्हणून. मी मागची बाजू नेहमी उरकायचे. पाठीसाठी कुणी चित्र मागत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. तक्त्यात दोनदा दुरुस्ती करून मिळेल, त्यापुढे नाही, हा नियम मी ठळक अक्षरांत लिहिला होता. गोऱ्या देशांतली माणसं तो पाळायची.

अकलोलीच्या आत्याला नियम वगैरे काही लागू नव्हतं. बाबांची ही सगळ्यात थोरली बहीण. तिच्या घरापासून गरम पाण्याची कुंडं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या गिझरच्या पाण्याला ती ‘मेलेलं पाणी’ म्हणायची आणि त्याने आंघोळ करून वर आमच्यावर उपकार करायची. ती आली होती डोळे दाखवायला. डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब घालून वर्ष-दीड वर्ष टिकली तर टिकेल. हे ऐकून आत्याने त्यालाच विचारलं, “तुझा लगीन झाला का?” घरी आल्यावर तिने तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण खाल्लं, हात धुतले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर तेव्हा एक कोल्ह्याच्या तोंडाची राजकन्या होती.

“ह्या कोन?”

“एका बाईच्या मनातली राजकन्या आहे, आत्या.”

“तू बगलंस हिला?”

“नाही. तिने सांगितलं तशी काढली.”

आत्या बराच वेळ चित्राकडे डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, “मंग माझा बापूस काढ. मी सांगतंय.”

माझ्या आजोबांचा, आबांचा, एकही फोटो नव्हता. ते खाडीत होडी चालवायचे, गवत आणि मीठ वाहायचे, आणि फोटोसाठी ठाण्याला जाऊन ताठ बसण्याइतकी उसंत त्यांना कधी मिळाली नसावी. एक दिवस होडी परत आली, आबा आले नाहीत. आत्या तेव्हा सात वर्षांची, मोठे काका तीन वर्षांचे आणि बाबा पाळण्यात. म्हणजे आबांचं तोंड बघितलेलं आमच्या घरात एकच माणूस उरलं होतं आणि त्याचे डोळे चालले होते. आत्याला दिसतंय तोवर तिला बाप दाखवायचा, एवढं सरळ काम होतं. आणि खरं सांगते, घरातल्या कुणाला तरी माझ्या कामाचा उपयोग आहे ह्याची मला गुदगुल्यांसारखी खुशीही झाली.

त्यात मोठ्या काकांची भर पडली. काकांच्या वाट्याच्या जमिनीवर गोदामं झाल्यापासून ते स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच फ्लेक्स लावत. त्यांनी नवा बंगला बांधला होता. त्याला आबांचं नाव द्यायचं होतं, वास्तुशांतीला गेटवर आबांचा फ्लेक्स आणि हॉलमध्ये हार घातलेला फोटो पाहिजे होता. “पंधरा दिवसांत दे,” काका म्हणाले. “आन् जरा रुबाबदार काढ. जमीनदार वाटला पायजे.”

मी आत्याला फॉर्म वाचून दाखवायला बसले.

“उंची?”

“माडाएवरा.” दुसऱ्या दिवशी तो बाबांएवढा झाला.

“नाक?”

“नाकासारखा नाक. कसा असतंय मानसाचा?”

“स्वभाव?”

“मना काय ठाव? मानूस दिसभर खाडीवर.”

सवयीने पुढचा रकाना वाचला गेला. “शस्त्र?”

“कोयता,” ती पटकन म्हणाली. “कंबरेला मागं, लाकराच्या आकडीत. आन् खांद्यावर वल्हा.”

सगळ्या फॉर्ममधलं हे एकच उत्तर तिने न अडखळता दिलं. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी हुशार होते, त्यामुळे पडला नाही.

मी तक्ता केला. तिला फक्त पुढची बाजू दाखवली, बाकी दोन घडी घालून मागे दुमडल्या. आत्याने कागद नाकापर्यंत नेला आणि मान हलवली. “डोले असं नव्हतं.” कसे होते? “असं नव्हतं.” डोळे बदलले तर गाल गेले, गाल बदलले तर मिशी भलत्याची निघाली. मी ओलं काढलं, सुकं काढलं. कॉम्प्युटरवर नाक ओढून लांब करताना ती ओरडली, “आगं दुखंल त्याला!” दर वेळी आधी ती आशेने बघायची, अगदी लहान मुलीसारखी, आणि मग तोंड मिटून घ्यायची. सतरा आबा झाले. अठराव्याच्या वेळी माझा तोल गेला. पाठ अवघडलेली, दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामं तुंबलेली. मी म्हणाले, “आत्या, तुला आठवतंय तरी का काही? का उगाच माझी परीक्षा बघतेस?” ती उठून आत गेली आणि आईकडून डोळ्यांत थेंब घालून घेतले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. ह्या प्रकरणात ते लिहायचं नाही असं दोनदा ठरवलं होतं.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी मी टपाल टाकायला गेले असताना काका पेनड्राइव्ह घेऊन घरी आले. आईने कॉम्प्युटर चालू करून दिला आणि ती कांदा परतायला गेली. स्क्रीनवर ‘आबा एक’ ते ‘आबा सतरा’ अशा फायली होत्या. शेजारी आणखी एक होती, तिचं नाव ‘म्हातारा फायनल’. काकांनी आयुष्यात कच्चा माल घेतला नव्हता. त्यांनी ‘फायनल’ उचलली आणि थेट धामणकर नाक्यावर फ्लेक्सवाल्या सलीमभाईंकडे गेले. आईने मला काका चित्र घेऊन गेले एवढंच सांगितलं, मी समजले सतरातलंच एखादं असेल.

तो म्हातारा दूर देशातल्या एका बाईचा होता. ती एक गोष्ट लिहीत होती. त्यात मेलेल्या माणसांना नदीपार नेणारा एक नावाडी होता. हातात वल्हं, पांढरी दाढी, एक डोळा पूर्ण पांढरा आणि कान सशासारखे लांब, टोकदार. पुढे सलीमभाईंनी सगळी हकीकत मला स्वतः सांगितली. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर कापडाचे लूम चालायचे, त्या खडखडाटात ते टेबल हातांनी धरूनच बोलत. “सेठ बोले, वालिद हैं. मैंने सोचा, होंगे. कान ज़रा लंबे थे, तो फेटा चढ़ा दिया. एक आँख खराब थी, तो चश्मा लगा दिया. बुज़ुर्ग की इज़्ज़त रखी मैंने, मॅडम. और क्या करता?” ह्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. कामही फार सफाईदार होतं.

वास्तुशांतीच्या सकाळी आम्ही रिक्षातून उतरलो तर गेटवर दोन मजले उंच फेटा, सोनेरी काड्यांचा चष्मा आणि खाली हात जोडलेले काका. मला आधी चित्र ओळखीचं वाटलं, मग माझंच आहे हे कळलं. तोवर फ्लेक्सला झेंडूचा हार चढला होता आणि येणारा प्रत्येक जण चपला काढून नमस्कार करत होता. गावातले सगळ्यात वयस्कर नथूबुवा काठी टेकत पुढे आले, मान वर करून त्यांनी डोळे पुसले. “ह्योच!” ते म्हणाले. “ह्याच्याच होडीत बसून मी कल्यानला गेलतो. चष्मा बी ह्योच!” मग काय, प्रत्येकाला काहीतरी आठवायला लागलं. एकाला दाढी आठवली. एकाला फेट्याचा रंग आठवला. आबा गेले तेव्हा जो जन्मलाही नव्हता त्याला आबांचा आवाज आठवला. मी तोंड उघडणारच होते, की हा आबा नाही, ह्याला सशाचे कान आहेत. पण शेजारी बाबा उभे होते. हात जोडलेले, आणि मोठ्याने रडत होते. आयुष्यभर बाप न बघितलेला माणूस. मी तोंड मिटलं.

“आत्याला बोलवा,” काका म्हणाले. “तिनं पायलाय त्यांना.” सगळी गर्दी बाजूला झाली. आत्या माझा हात धरून फ्लेक्सखाली आली, मान वर करून, डोळे बारीक करून, खूप वेळ बघत राहिली. माझे सतरा आबा तिने सतरा वेळा नाकारले होते. आता ती सगळ्यांसमोर नाही म्हणणार, काकांची फजिती होणार आणि बाबांचं काय होणार, ह्या विचाराने मी घामाघूम झाले.

“हाय,” आत्या म्हणाली. “हाय तसा.”

जेवणं झाल्यावर ती मला बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांवर सापडली. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तिच्या हातात श्रीखंडाची वाटी तशीच होती. मी तिला खरं काय ते सांगितलं. कोण तो नावाडी, कोण ती बाई, फेट्याखाली काय दडलंय. आत्या इतकी हसली की वाटी मला धरावी लागली. “सशाचे कान! आन् नथूबुवा त्याच्या होडीत बसला!” हसता हसता तिने पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही. तेव्हा मला कळलं की ती हसत नव्हती.

“मना तोंड आठवत न्हाय त्याचा, पोरी,” ती म्हणाली. “कवाच आठवला न्हाय. घरात सगली बोलाची, हिनं पायलाय, हिनं पायलाय. मंग मी बी बोलत गेले. तुला न्हाय न्हाय करत होते, कारन हां बोलाला भ्या वाटाचा. भलत्याच मानसाला बापूस बोलले तर?” तिने नाक पुसलं. “आज तवरी मानसं बोलली, तुजा बापूस रडला. दमले मी. मना वाटला, असंल.”

सातव्या वर्षापासून ह्या बाईने हे पोटात ठेवलं होतं, आणि मी तिला विचारलं होतं, आठवतंय तरी का. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि माफी मागितली. तिने ती ऐकलीसुद्धा नाही.

“मग काय आठवतं, आत्या?”

“पाठ,” ती लगेच म्हणाली. “उजारताना तो बंदरावर जायाचा, मी मागनं पलाची. फुरं तो, मागं मी. वल्हा ह्या खांद्यावर, म्हनून ह्यो खांदा खाली. कंबरेला रुमाल, मागं कोयता. टाचा फुटलेल्या, त्यांत खाडीचा चिखोल. मागं बघायाचा न्हाय. तसाच बोलाचा, घरी जा. मी न्हाय जायाची. परत बोलाचा, घरी जा. कवा वललाच न्हाय.”

मी पिशवीतून शेवटचा तक्ता काढला. आबा अठरा, नुसता कागदावरचा, हॉलमधल्या फोटोसाठी काकांना दाखवायला आणलेला. दुमडलेली घडी उघडली आणि तिसरं चित्र, मी नेहमीसारखं उरकलेलं, तिच्यासमोर धरलं. आत्याने कागद नाकापर्यंत नेला.

“खांदा दुसरा,” ती म्हणाली. “डावा खाली पायजे.”

आई जेवलेली पानं टाकायला मागे आली होती, ती आम्हाला बघून थांबली. मी रंग आणायला घरी निघाले तशी सवयीने विचारती झाली, “ओला का सुका?”

“ओला,” आत्याच बोलली. “खाडीचा मानूस हाय.”

ते चित्र मी त्याच दुपारी त्याच पायऱ्यांवर काढलं. आत्या शेजारी बसून सांगत होती आणि एकदाही अडखळली नाही. रुमालाची गाठ उजवीकडे. केस मानेवर चिकटलेले. पाठीवर एक पांढरा चट्टा, मिठाचा. तीन दुरुस्त्या झाल्या, म्हणजे नियमापेक्षा एकच जास्त. मग ती म्हणाली, “ह्यो.” मी आजवर शेकडो माणसं काढली, राजे, राक्षस, देवदूत, पण माझ्या हातून एखादं माणूस खरंच आलं असेल तर ते हे, पाठमोरं.

काकांना ते पसंत पडलं नाही. “आबांनी घराला पाठ दाखवलीय असा वाटंल,” ते म्हणाले, आणि खरं सांगितल्यावरही त्यांनी फ्लेक्सवरचाच चेहरा हॉलमध्ये फ्रेम करून लावला. गावाने एकदा ओळखलेला बाप बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तो नावाडी फेटा-चष्म्यासकट आजही तिथे हार घालून आहे. मी त्या बाईला लिहून माफी मागितली आणि फ्लेक्सचा फोटो पाठवला. तिचं उलट उत्तर आलं, की तिच्या पात्राला इतका मान कधीच मिळाला नव्हता, आणि चष्मा मूळ चित्रातही घालून मिळेल का. मी घालून दिला.

पाठमोरे आबा बाबांनी आमच्या घरी लावले. पाहुणे विचारायचे, म्हातारा रुसलाय काय? सर्वपित्रीला आईने फ्रेम पुसली, हार घातला, कुंकवाची वाटी घेतली आणि बोट वर नेऊन थांबली. कपाळच नव्हतं. “टिळा कुठं लावू?” तिने आत्याला विचारलं. आत्याने वाटी तिच्या हातातून घेतली, वाकली आणि दोन्ही टाचांवर एकेक बोट टेकवलं.

त्यानंतर दर वर्षी ती अकलोलीहून त्या दिवशी यायची. डॉक्टरने सांगितलं होतं त्यापेक्षा थोडी जास्त टिकली नजर, मग गेली. शेवटच्या वर्षी मीच तिला फ्रेमपाशी नेलं. कुंकवाचं बोट काचेवरून सरकत खाली यायला लागलं आणि मी सांगत होते, खाली, आत्या, अजून खाली, हां, इथे. तिने एका टाचेला लावलं, मग दुसऱ्या. बोट तिथेच ठेवून, काचेला कपाळ टेकवून, ती अगदी हळू म्हणाली, “मागं बगू नको. मी येतंय.”